कपाटामागचा वारा

दिवाळी सरली की लातूर-नांदेड रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन पिकं एकदम दिसू लागतात. शेतांत गुडघ्याएवढा शाळू आणि खांबांवर मुलांचे चेहरे. शाळूला जमिनीतली ओल लागते. चेहऱ्यांना काहीच लागत नाही, ते दरवर्षी आणखी मोठ्या आकारात उगवतात. चेहऱ्यांखाली मार्क असतात आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांहून मोठे, सर असतात, हाताची घडी घातलेले. घडी घातल्याशिवाय फिजिक्स शिकवता येत नाही, असा काही नियम झालेला दिसतो.

हे फलक लागले आणि पहाटे खिडकी लावून घ्यावीशी वाटू लागली की माझ्या मानेवर, उजव्या कानाच्या जरा खाली, एक थंड रेघ उमटते. वर्षानुवर्षं उमटते आहे. सोबत वास येतात. जळत्या सागाच्या पानांचा, रॉकेलचा, कोऱ्या गाइडच्या शाईचा. मराठी शिकवण्यात हयात घालवलेली बाई मी, अशा रेघेला काय म्हणायचं हे मला ठाऊक असायला हवं. मी तिला डोंगराचा श्वास म्हणत आले. शब्द मुळात माझे नव्हते, पण मी ते इतक्या ठिकाणी वापरले की माझेच झाले. गेल्या वर्षापर्यंत मला त्यांचा अभिमान होता.

किनवटच्या पलीकडे, सागाच्या रानात, एका बुटक्या डोंगराच्या माथ्यावर एक बंगला आहे. डोंगर म्हणजे आमच्या भागातला डोंगर. सह्याद्रीकडच्या माणसानं त्याला टेकाड म्हटलं असतं, पण आम्ही लातूरची सपाटीवरची माणसं, आम्हाला तेवढ्यानंही धाप लागते. बंगला निजामाच्या काळातला. कुण्या तालुकदाराला शिकारीची हौस होती आणि त्याच्या बेगमेला उकाडा सोसत नव्हता, म्हणून बांधला म्हणतात. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौलं, तीन बाजूंना व्हरांडा, मध्ये दरबार भरवता येईल असा हॉल आणि हॉलच्या दोन्ही अंगांना एकेक खोली. हॉलच्या भिंतीत विलायती पद्धतीची शेकोटी बांधलेली होती. तिचा धूर वर जायच्या ऐवजी आत यायचा. साहेबासारखं राहायचं तर डोळ्यांतून पाणी येणारच, असं तालुकदाराला वाटलं असावं. त्यानं वाघ मारला की नाही, माहीत नाही. भिंतीवर शिंगांची एक जोडी होती, पण ती नीट पाहिली तर रेड्याची होती.

ह्या बंगल्याला एक इतिहास नव्हता. जितके पाहुणे तितके इतिहास, आणि ते सगळे जब्बारचाचाच्या ताब्यात होते. जब्बारचाचा तिथला खानसामा, त्याचे वडीलही तिथलेच खानसामा. पाहुणा जीपमधून उतरला की चाचा आधी त्याचे बूट बघायचा आणि मग इतिहास ठरवायचा. कलेक्टर आले तर ह्याच खिडकीतून कुण्या गोऱ्या साहेबानं वाघ टिपलेला असायचा. बांधकाम खात्याचा इंजिनिअर आला तर चुन्यात गूळ, उडीद आणि बेलाचा गर कालवलेला असायचा. पुढारी आला की मुक्तिसंग्रामातले सैनिक माडीवर लपलेले असायचे. बंगल्याला माडी नव्हती, पण आजवर एकाही पुढाऱ्यानं मान वर करून पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, इतरांना थापा मारल्या असतील, आपल्याला सांगितला तो खरा.

मलाही तसंच वाटलं.

भूकंप झाला त्या वर्षी मी बारावीला होते आणि माझा धाकटा भाऊ सतीश दहावीला. आम्ही लातूर शहरात राहायचो. विसर्जनाच्या मिरवणुका पाहून माणसं झोपली होती आणि पहाटेच्या अंधारात जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा तो आवाज आला. आमचं घर पडलं नाही. ज्यांची पडली त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिलं, त्यातल्या काहींनी हेलिकॉप्टरमधून पाहून लिहिलं, मी लिहिणार नाही. आमच्या वाट्याला आली ती नुसती भीती. सगळं शहर अंगणात, मैदानात, शाळांच्या पटांगणात झोपू लागलं. आमचे वडील, अण्णा, शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी फर्मान काढलं की दगडाच्या भिंतीखाली कुणी पाठ टेकायची नाही. स्वतः ते जेवणसुद्धा अंगणात उरकायचे. कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसे ते घराच्या भिंतीकडे बघायचे.

पण अंगणात अभ्यास होत नव्हता. दवानं वह्या ओल्या व्हायच्या. शेजारचं कुणीतरी रोज नवी खबर आणायचं की आज पुन्हा हलणार आहे, कुणीतरी रेडिओवर ऐकलंय. लातूरच्या पोरांची नावं तेव्हा बोर्डाच्या यादीत झळकू लागली होती, आणि गणिताच्या मास्तरांची मुलगी त्या यादीत नसणं ही गोष्ट अण्णांना धरणीकंपाहून फारशी लहान वाटत नव्हती. आमच्या आत्याचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, किनवटकडे फॉरेस्टात रेंजर होते. त्यांचं क्वार्टर त्या बंगल्याच्या उताराखाली, हाक ऐकू येईल इतक्यावर. काकांचा निरोप आला, बंगला रिकामाच हाय, पोरांना पाठवा. सरकारी बंगल्यात नातेवाईक ठेवण्याला त्या काळी भ्रष्टाचार म्हणत नसत, पाहुणचार म्हणत.

पोचलो त्या दिवशी अण्णा, काका आणि सतीश आधी वर गेले, खोली लावायला. मला आत्याकडे थांबवलं. "धुळीत पोरीला कशाला नेता?" असं काकाच म्हणाले. परत आले तेव्हा सतीशच्या उजव्या हाताचं बोट सुजून निळं पडलं होतं.

"कपाट सरकवताना चेमटलं," तो म्हणाला.

"आता पेपर पायानं लिही," मी म्हणाले. सगळे हसले. अण्णा जरा जास्तच हसले, हे आता आठवतं.

मला डाव्या अंगाची खोली मिळाली. हिरवं दार, एक खिडकी आणि खिडकीशेजारी भिंतीला टेकवलेलं काळं शिसवी कपाट, दारापेक्षाही उंच. मुलगी म्हणून मी आत. सतीशचं अंथरूण बाहेर व्हरांड्यात, माझ्या दाराशी, राखणीला. "भाऊ दाराशी आहे. तू आतून कडी लाव आणि बिनघोर झोप," अण्णा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी लातूरला परत गेले, अंगणात झोपायला.

तो हिवाळा मला पानापानानं आठवतो. सागाचं पान वाळून गळतं तेव्हा ते तरंगत येत नाही, कुणी पत्रावळ टाकावी तसं खडकन खाली येतं. सुरुवातीला प्रत्येक पानाला मी दचकायची. खालच्या दरीतून मीटर गेजची गाडी शिट्टी घालत जायची आणि तिच्यामागे बराच वेळ काहीच आवाज नसायचा. चाचाची चाची खापरावर जाड भाकरी करायची, सोबत चिंचेची आंबट डाळ. व्हरांड्यात उन्हाचा एक पट्टा पडायचा, त्याच्याबरोबर मी आणि सतीश चटई सरकवत सरकवत पुस्तकं वाचायचो. वानरं कठड्यावर बसून सेंद्रिय रसायनशास्त्र ऐकायची आणि माझ्याइतकंच समजल्यासारखा चेहरा करायची. माघात झाडं उघडी पडली, आणि एके सकाळी खालच्या उतारावरच्या पळसाला पहिली केशरी चोच फुटलेली दिसली. परीक्षा जवळ आली हे मला वेळापत्रकानं नाही, त्या पळसानं सांगितलं.

मानेवरची थंड रेघ पहिल्याच रात्री आली होती. कपाटामागून येणारी, ओल्या पानांचा वास असलेली. सकाळी मी चाचाला विचारलं.

"चाचा, कपाटाच्या मागून वारं येतंय."

चाचा किटली पुसत होता. पुसायचा थांबला. "हाव," म्हणाला, "येतंय." मग पुन्हा पुसू लागला. "डोंगर श्वास घेतो, बेटी. दिवसभर उन्हात हुबा ऱ्हातो. रातच्याला श्वास घेतो."

भूकंपानंतर मी छपराखाली पहिल्यांदा निवांत झोपले ती ह्या एका वाक्यावर. ज्या जमिनीनं आम्हाला घराबाहेर काढलं होतं, तीच माझ्या उशाशी संथ श्वास घेते आहे, म्हणजे ती आता शांत झाली आहे, असं मला वाटलं. शाळेच्या पुस्तकात असं काही नव्हतं. चाचानं सगळ्या साहेबांना थापा दिल्या आणि खरं काय ते माझ्यासाठी राखून ठेवलं, ह्याचा मला आनंद झाला होता.

चाचाच्या दोन खोडी मात्र मला आवडत नसत. मी बाहेर अभ्यासाला बसले की तो खोलीत जाऊन माझा पलंग खिडकीपासून ओढून दाराशी आणून ठेवायचा. मी तो पुन्हा खिडकीशी न्यायची.

"दारापाशी राहू दे, बेटी. उजेड ज्यादा येतो हितं."

"उजेड खिडकीतून येतो, चाचा."

"हाव. मगर हवा चांगली हाय."

दुसरी खोड कडीची. "कडी नको लावत जाऊ, दार फुगलंय, सकाळी निघायचं न्हाई," असं म्हणायचा, आणि तरी मी लावतेच म्हटल्यावर रोज कडीला तेल घालायचा. माझ्या ओढणीला ते डाग पडायचे. मी आत्याकडे तक्रार केली की म्हातारा चळलाय. आत्या म्हणाली, "वय झालंय त्याचं," आणि भाजी निवडू लागली.

त्या थंडीत मला खरी दया यायची ती सतीशची. उघड्या व्हरांड्यात, नाकापर्यंत गोधडी ओढून पडलेला, बहिणीच्या राखणीसाठी. मी आत्याकडून लोकर मागून घेतली आणि त्याच्यासाठी मफलर विणला, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वेळात. तो त्यानं पुढे कॉलेजात जाईपर्यंत वापरला.

मार्क चांगले पडले, डॉक्टर होण्याइतके नाही. अण्णा महिनाभर माझ्याशी नाकातून बोलले, आणि मी मराठी घेतलं. पुढे कधीतरी एका दिवाळी अंकात मी तो हिवाळा लिहिला. डोंगराचा श्वास त्यात होताच. वाचकांची पत्रं आली. कुणी लिहिलं, डोळे पाणावले. शेकोटीच्या धुरानंही तेच व्हायचं, पण तेव्हा मी ते कौतुक गंभीरपणे घेतलं.

सतीश आता सर आहे. खांबावर असतो, हाताची घडी घातलेला. अण्णांच्या ओसरीतल्या शिकवणीतून सुरू झालेलं दुकान आता काचेच्या इमारतीत आहे. अण्णा, काका, आत्या गेले, त्याआधी चाचाही गेला. तो बंगला बरीच वर्षं बंद होता. मग कधीतरी तो कराराने चालवायला द्यायचं ठरलं आणि सतीशनं घेतला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर उद्घाटनाचं बोलावणं आलं. 'निसर्गाच्या कुशीत निवासी क्रॅश कोर्स.' माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, सरांच्या फोटोखाली, माझ्या लेखातल्या ओळी होत्या, नावासकट. मला न विचारता. प्रमुख पाहुणीही मीच होते. माझ्या पुस्तकाच्या समारंभाला ज्याला यायला कधी जमलं नाही, त्या भावानं गाडी पाठवली तेव्हा मी जरा सुखावले, हे नाकारत नाही.

वर पोचले तर रेड्याची शिंगं सोनेरी रंगवलेली. हॉलमध्ये खुर्च्या, सरस्वतीचा फोटो, समई, आणि लातूरकडून, चाकूर-मुरुडकडून आलेले आईबाप, सगळे साधारण माझ्याच वयाचे. मुलांची सोय बाहेर उतारावर पत्र्याच्या नव्या शेडमध्ये. माइकवरून सतीश सांगत होता, "मुलींच्या सुरक्षिततेसाठी मुलींची व्यवस्था आपण मुख्य दगडी वास्तूत केलेली आहे." टाळ्या पडल्या.

उद्घाटन करणारे साहेब अजून यायचे होते, म्हणून मी माझी जुनी खोली पाहायला गेले. दाटीवाटीनं लोखंडी पलंग मांडलेले, त्यांवर मुली सामान लावत होत्या. कपाट नव्हतं. त्याच्या जागी छतापासून खालपर्यंत भलामोठा फ्लेक्स, गुणवंतांच्या चेहऱ्यांचा. खिडकीशेजारच्या पलंगावर एक मुलगी ट्रंकेतून पुस्तकं काढत होती. मला बघून उठली.

"मॅडम, तुमीच का त्या? श्वासवाल्या?"

"हो. तू कुठली?"

"चाकूरकडची. कोमल." मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "बघा की, घेऊन ऱ्हायलाय."

खिडकी बंद होती. पंखा बंद होता. आणि फ्लेक्स हळूच फुगत होता, हळूच बसत होता. गुणवंतांचे गाल भरत होते आणि खपाटीला जात होते. माझ्या मानेवर ती रेघ आली. कितीतरी वर्षांनी ती आठवणीतून नाही, खरोखर आली.

मी फ्लेक्सची खालची कड उचलली.

छपरापासून गुडघ्यापर्यंत भिंत फाटलेली होती. मनगटापर्यंत हात जाईल इतकी. आत जुन्या चुन्याचे थर, त्यावर सिमेंटचे, सगळे पुन्हा तडकलेले. एका दगडाशी नेचं उगवलं होतं. मधून पलीकडचं हिरवं रान दिसत होतं. आणि भिंतीवर, भेगेच्या दोन्ही बाजूंना, कपाट टेकून राहिल्याच्या दोन उभ्या काळ्या खुणा.

"ताई, चल, साहेब आले." सतीश दारात होता, खांद्यावर शाल. "अगं, ते कशाला उचललंस?"

"ही भेग कधीची?"

"असेल जुनी. दगडी बांधकामाला असतंच थोडंफार."

"किती जुनी, सतीश?"

तो अंगठ्यानं उजव्या हाताचं ते बोट चोळत राहिला.

"इथं कपाट कुणी लावलं होतं?"

"अण्णांनी. काकांनी." मग जरा थांबून, "मी हात दिला."

"मग भेग तुम्हाला दिसली असेल."

"दिसली म्हणजे, भूकंपात रुंदावली होती ती. काका बोललेच होते. अण्णा म्हणाले, तिला सांगू नका, अभ्यासातून लक्ष उडेल. चाचालाही काकांनी तंबी दिली होती."

"आणि तू व्हरांड्यात."

"मला म्हणाले, तू बाहेर झोप. तुला कशी झोपवणार होते बाहेर? रानातला बंगला, वयात आलेली मुलगी. अण्णांनी काय करायला पाहिजे होतं, तूच सांग."

"माझ्या राखणीला होतास ना तू?"

"होतोच की." हे तो अगदी मनापासून म्हणाला.

"आणि ह्या मुली?"

"ताई, इतकी वर्षं झाली. पडलं का काही? तू झोपलीस, पास झालीस, नोकरी केलीस. पडलं का काही?" त्यानं माझ्या हातातून फ्लेक्सची कड सोडवली आणि तळहातानं भिंतीवर चापून बसवली. एका मुलाच्या गालाला सुरकुती पडली होती, तीही नीट केली. "दोन मिनिटांत ये. आणि ते श्वासाचं नक्की बोल. पालकांना लई आवडतंय ते."

पडलं काहीच नव्हतं, हे खरं. अण्णांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असंही मला म्हणता येत नाही, आणि अडचण तीच आहे. जो माणूस भिंतीखाली बसून वरणभात खायला धजत नव्हता, त्यानं माझ्यात आणि फाटलेल्या भिंतीत एक कपाट सरकवलं आणि कडी लावून घ्यायला सांगितलं. मी मरेन असं त्यांना वाटलं नसावं. माझे मार्क जातील असं मात्र वाटलं. दोन भीतींची त्यांनी तुलना केली, गणिताचे शिक्षक होते, आणि उत्तर काढलं. आत्या भाजी निवडत राहिली. चाचा तेवढा रोज पलंग दाराशी ओढत राहिला, आणि मी तो रोज भेगेशी नेत राहिले. त्यानं माझेही बूट पाहिले होते. पुस्तकं वाचणाऱ्या मुलीला काय पचेल ते ओळखून त्यानं मला माझ्या मापाचा इतिहास दिला. मी तो जपला, लिहिला, छापला. आता तो वाचून दुसऱ्यांच्या मुली त्याच खिडकीशी येऊन बसल्या होत्या.

कोमलनं सगळं ऐकलं होतं. पुस्तकं छातीशी धरून उभी होती.

"मग मी कुठं झोपू?" तिनं विचारलं. जेवायचं कुठं आहे, असं विचारावं तसं.

"व्हरांड्यात."

"बाहेर न्हाई झोपू देणार. पप्पा म्हणलेत, आतच ऱ्हायचं."

"पलंगाची ती बाजू धर," मी म्हणाले.

लोखंडी पलंग शहाबादी फरशीवरून ओढला की काय आवाज होतो, हे माझ्या ध्यानात नव्हतं. आम्ही दोघींनी एक ओढला, त्याच्या पायात अडकून फ्लेक्सची कड पुन्हा सुटली. बाकीच्या मुली भिंतीकडे, मग एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग एकेकीनं आपापला पलंग धरला. जाड भिंतींच्या त्या खोलीत सगळे पलंग एकदम फरशीवरून निघाले. आवाज जमिनीतूनच आल्यासारखा, खालून, जड, भरलेल्या ट्रकसारखा.

हॉलमध्ये स्वागतगीत चालू होतं. ते मधेच तुटलं. खुर्च्या उलटल्या. कुणी काही विचारलं नाही, कुणी कुणाला हाक मारली नाही. त्या वयाची लातूरची माणसं तो आवाज कानानं ऐकत नाहीत, पायानं ऐकतात. साहेब, शाली, हार, आईबाप, सगळे हॉलच्या मोठ्या दारातून बाहेर गवतावर. समई तेवढी जळत राहिली. मुलींच्या खोलीकडे कुणीही वळलं नाही.

एक माणूस वळला. पायरीवरून उलटा फिरून आमच्या दारात आला, टोपी हातात, धापा टाकत. "कोमे," एवढंच म्हणाला. मग पलंग पाहिले, भिंतीवरून अर्धवट सुटलेला फ्लेक्स पाहिला, त्यामागचं हिरवं रान पाहिलं. त्यानं टोपी खिशात कोंबली आणि लेकीच्या पलंगाची पुढची बाजू उचलली.

आम्ही व्हरांड्यात आलो तेव्हा माणसं गवतावर घोळक्यांनी उभी होती. काहीच झालं नव्हतं हे हळूहळू सगळ्यांना समजत होतं, आणि सगळे एकमेकांची नजर चुकवत होते. सतीश सगळ्यात पुढे पोचला होता. कुंपणापाशी, सागाखाली, अनवाणी. शाल कुठंतरी वाटेत पडली होती. तो छपराकडे बघत होता.

मी कठड्यापाशी गेले.

"पडलं का काही?" मी त्याला विचारलं.